वाळकाची एक फोड

आमच्याकडं पाणी प्यायचं कमी आणि खायचं जास्त. हे मी सुनेला सांगते तेव्हा ती हसते. तिला वाटतं म्हातारी गंमत करते. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मागच्या उन्हाळ्यात मला तपासलं आणि म्हणाले, आजी, तुमच्या अंगात पाणी कमी पडतंय. या वयात तहान कळत नाही. पाणी पिणं होत नसेल तर निदान काकडी, कलिंगड, टोमॅटो, दुधी असलं काहीतरी पोटात जाऊ द्या. तेव्हापासून रोज अकराच्या ठोक्याला सून काकडीच्या फोडी मीठ लावून ताटलीत आणून ठेवते आणि मी संपवते की नाही ते येता-जाता बघते. नात मोबाईलवर कुणा मुलीचं बोलणं ऐकवते. ती मुलगी टेबलावर फळं मांडून कुठल्यात किती पाणी ते सांगत असते, जणू हा शोध तिलाच लागलाय. मी ऐकून घेते. माझ्या आबांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं, आणि शहाणपण असून माणूस काय करतो ते मी त्यांच्याच घरात पाहिलेलं आहे.

आमचं गाव विट्याच्या पूर्वेला, माळावरचं. आम्ही धनगर. पन्नास-साठ मेंढरं, दोन कुत्री आणि दगडगोट्यांचं थोडं रान. पाऊस पडलाच तर त्यात बाजरी व्हायची आणि बाजरीच्या पाट्यांत, ओळींच्या मधे, आई वाळकाचं बी टोकायची. आता शहरातल्या लोकांना वाळूक ठाऊक नाही. काकडीची ती थोरली, जाडजूड, गावंढळ बहीण समजा. बाजरी करपली तरी वाळकाचा वेल जमिनीला धरून राहतो आणि कुठनं ओल शोधतो ते त्यालाच माहीत. सकाळी भाकरीबरोबर कच्चं वाळूक आणि लसणाची चटणी. दुपारी त्याचीच कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून. पिकलेलं वाळूक गुळाबरोबर खायचं. आई तर बाजरीचं पीठसुद्धा वाळकाच्या किसात मळायची, म्हणजे तेवढंच घागरीतलं तांब्याभर वाचायचं. पिकलेली वाळकं आतल्या खोलीत भुसकटात पुरून ठेवलेली असत. दार उघडलं की त्यांचा गोडसर वास अंगावर यायचा. तो वास मला आजही आला तर मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

आबा मेंढरं घेऊन निघायचे तेव्हा पाण्याचं भांडं कधी नेत नसत. घोंगड्याच्या खोळीत दोन वाळकं टाकायचे, झालं. म्हणायचे, "पाणी प्यालं की घडीभरात पुन्यांदा तहान लागती. वाळूक चावून खाल्लं की दोन कोस इचारत न्हाई." मेंढरांचंही त्यांचं गणित तेच होतं. पहाटेचं दव अंगावर असलेलं गवत मेंढरांनी खाल्लं तर ती दुपारी पाण्याकडं तोंडही वळवत नाहीत, हे त्यांनी मला चालता चालता दाखवलं होतं. कुठला पाला ओला, कुठला कोरडा, व्यालेल्या मेंढीला कुठला घालायचा, सगळं त्यांच्या बोटांत होतं. मेंढी व्याली की पहिल्यांदा गुळाचं पाणी, मग हिरवा पाला, मग वाळकाच्या साली. "इचं अंग रितं झालंय," ते म्हणायचे, "आदी वली करायची, मग दूध उतरतंय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की मला ते पाढ्यासारखं पाठ होतं.

आणि अक्का. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मधली दोन गेली, म्हणून आमच्या दोघींत एवढं अंतर. तिनंच मला कडेवर वाढवलं. वाळूक कडू आहे की गोड ते बाहेरून कळत नाही, आणि पाऊस ओढला की निम्मी कडूच निघतात. अक्का देठाकडची पातळ चकती कापायची, जिभेच्या शेंड्याला लावायची. कडू असली की तोंड वेडंवाकडं करून थुंकायची आणि मी खदाखदा हसायचे. गोड असली की पहिली फोड माझ्या हातात. दर वेळी कडू तिच्या जिभेला आणि गोड माझ्या. मला तेव्हा वाटायचं, थोरल्या बहिणीचं कामच ते असतं.

तिचं लग्न झालं, ती विट्याजवळच दिली. दाजी लांब मद्रासकडं एका नातलगाच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळायचं काम करायचे, वर्षातून एकदा यायचे. पहिल्या बाळंतपणाला अक्का आमच्याकडं आली तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. त्या वर्षी पाऊस सुरुवातीला दोनदा पडला आणि पाठ फिरवून गेला. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली. विहिरीत चिखल. बायका ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीनं घागर भरायच्या. एका घागरीला निम्मा दिवस जायचा. वाळकं मात्र आली होती. भादवा संपत आला होता आणि ऊन असं होतं, की कुत्री दिवसभर भिंतीच्या सावलीला चिकटून असायची.

अक्का बाळंत झाली. मुलगा झाला. सुईण गोदाक्का, गावातल्या निम्म्या पोरांची नाळ कापलेली बाई, तिनं हात धुतले आणि आईला नियम सांगितले. आईला ते ठाऊकच होते, पण सांगायची रीत होती. खिडकीला पोतं लावायचं. बाजेखाली शेगडी विझू द्यायची नाही. पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा. बाजरीची भाकरी, तूप, लसूण, डिंक. पाणी दिवसातून तीन वाट्या, तेही उकळून निम्मं आटवलेलं. आणि थंड काही नाही. वाळूक तर नावालाही नाही. "बाळंतिणीचं आंग वलं असतंय," गोदाक्का म्हणाली, "त्येच्यात आनि पाणी घातलं तर सुजून मरती. आन् वाळूक खाल्लं तर दुधातनं पोराला थंडी भरती." आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. घरात पाणी नव्हतंच, त्यात नियमही पाणी तोडायचाच होता, मग तो किती सोयीचा वाटला असेल.

आईला मी दोष देते आणि देत नाही. तिची पाठची बहीण बाळंतपणात गेली होती. जायच्या आदल्या दिवशी तिनं चोरून तांब्याभर गार पाणी प्यालं होतं, एवढंच आईला माहीत. ताप कशानं आला, कुणी बघितलंय? पण आईच्या मनात पाणी आणि मरण यांची गाठ बसली ती बसलीच. तिनं स्वतःची सहा बाळंतपणं तीन-तीन वाट्यांवर काढली, त्यातली चार मुलं गेली, आणि तरी तिला कधी शंका आली नाही.

आई झिऱ्यावर गेली की घरात मी आणि अक्का. मला काम दिलं होतं. उंबऱ्यात बसायचं, शेगडीत गोवरी घालायची, वेळेला वाटी द्यायची आणि अक्का दुसरं काही घेत नाही ना ते बघायचं. "तू आता श्यानी झालीस," आई म्हणाली. एवढ्या शब्दावर मी फुगले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी राखणीला बसवलं होतं, आणि तेही माझ्या अक्काच्या.

चौथ्या दिवशी दुपारी तिची अवस्था मी पाहिली. अक्काचे ओठ फुटले होते. बोलताना जीभ टाळ्याला चिकटून टक् असा आवाज व्हायचा. दूध उतरलं नव्हतं. पोर आधी दोन दिवस टाहो फोडून रडलं होतं, आता त्याचा आवाज बसला होता आणि दुपटं दिवसभर कोरडंच राहत होतं. शेगडीच्या धगीनं आणि ओव्याच्या धुरानं माझाच जीव घाबरा होत होता. आणि तिथंच, बाजेपासून पाच हातांवर, भुसकटात वाळकं पुरलेली, त्यांचा वास सगळ्या खोलीत.

"शेवंते," अक्का म्हणाली, "एक फोड दे गं."

"आई मारंल."

"पाणी न्हाई मागत. वाळकाची फोड. नुसती चघळती आन् थुकती. आईला कशाला कळतंय?"

"गोदाक्का म्हनली, पोराला थंडी भरती."

तिनं पोराला छातीशी ओढलं. मग म्हणाली, "पोराच्या तोंडात माझं दूध जात न्हाई, तर थंडी कुटनं जाईल?"

मी भुसकटातलं एक वाळूक काढलं, विळीवर देठाकडची चकती कापली आणि तिनं शिकवलं होतं तशी जिभेच्या शेंड्याला लावली. गोड होतं. एक फोड कापून तिला दिली. तिनं थुंकली-बिंकली नाही. सालीसकट खाल्ली, डोळे मिटून, आणि सालीचा जो तुकडा हातात राहिला होता तो ओठांवर फिरवला. मग हात पुढं केला. मी उरलेलं वाळूक हातात घेऊन उभी होते. आणखी द्यावं असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी दाराकडं आईची चाहूलही घेत होते. मी म्हटलं, "बास आता," अगदी आईच्या आवाजात, आणि उरलेलं भुसकटात खोल दाबून टाकलं. अक्कानं हात मागं घेतला.

आई घागर घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली. कापलेल्या वाळकाचा वास वेगळा येतो, मुरलेल्या धनगरणीला तो कळायला एक श्वास पुरतो. "वाळूक कुनी कापलं?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. आवाज न चढवणारी आई मला जास्त भीतीदायक वाटायची.

मी म्हटलं, "अक्कानं उठून घेतलं. मी गोवऱ्या आणायला भाईर गेल्ते."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. फार नाही, घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ. मग तिनं भिंतीकडं तोंड केलं. आईनं विचारलं, "व्हय गं?" तर म्हणाली, "व्हय. म्याच घेतलं." एवढ्या वर्षांत अनेकदा वाटलं, की तिनं त्या वेळी मला खोटं पाडलं असतं, आईनं माझी पाठ फोडली असती, तर सगळं तिथंच फिटलं असतं.

आईनं तिला मारलं नाही. कपाळावर हात मारून घेतला, रडली, बहिणीचं नाव घेतलं. मग आबा मेंढरं घेऊन परत आल्यावर त्यांना म्हणाली, "ती वाळकं समदी भाईर काडा. घरात एक ठिवू नगा." आबांनी पाटी भरून वाळकं बाहेर नेली. त्याच सकाळी एक मेंढी व्याली होती, ती खिडकीखालीच बांधलेली होती. आबांनी वाळकं दगडानं फोडून तिच्यापुढं घातली. पोत्याआडून दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. मेंढी कर्रकर्र चावत होती, मध्येच फुरफुरत होती, आणि तिचं कोकरू दूध ओढताना चुटुक-चुटुक आवाज करत होतं. खोलीत आमचं पोर नुसतं तोंड उघडून मिटत होतं.

"आबा," अक्का आतनं म्हणाली, "तिला थंडी भरत न्हाई व्हय?"

बाहेर आबांनी पाटीतलं शेवटचं वाळूक फोडलं. मग म्हणाले, "तिचं येगळं हाय, बाय. ती जनावर हाय." आणि पाटी उचलून गेले. मी उंबऱ्यात बसले होते, मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांना कळलं होतं. ज्याला कुठल्या पाल्यात किती ओल ते कळत होतं, त्याला आपल्या लेकीचं अंग रितं झालंय हे कळलं नसेल, असं मला कुणी सांगू नये. पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं बोलायचं नाही अशी रीत होती, आणि आबांनी ती पाळली.

सटवाईची पूजा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोर गेलं. शेवटी त्याची टाळू आत गेली होती, तिथं आईनं तेलाचा बोळा ठेवला होता. गोदाक्का आली, तिनं सगळं विचारून घेतलं आणि वाळकाचं कळल्यावर मान हलवली. तिचा सुटकेचा श्वास मी ऐकला, कारण तिला निमित्त सापडलं होतं. दिवस मावळायच्या आत गावात झालं, की बाळंतिणीनं चोरून वाळूक खाल्लं आणि पोराला थंडी भरली. महिनाभरात ते विट्यालाही पोचलं. अक्काच्या सासूनं पुढं मरेपर्यंत तिला ते ऐकवलं. जेवणात वाळूक असलं की म्हणायची, "हिला वाडू नगा. हिनं पोर खाल्लंय वाळकासंगं." अक्काला नंतर दोन मुलगे झाले, त्या दोन्ही बाळंतपणांत खोलीला बाहेरून कडी घालत. मद्रासहून आलेल्या दाजींनीही कधी तिची बाजू घेतली नाही. आणि मी? मी राखी बांधावी तशी ती गोष्ट मनगटाला बांधून लग्न होऊन रहिमतपूरकडं गेले, जिथं पाटाला पाणी होतं आणि घरात नळ.

इथं थोडं माझ्या शहाणपणाबद्दल सांगते. दोन मुलं झाल्यावर मी अंगणवाडीत लागले. प्रशिक्षणाला एक वयस्कर नर्सबाई होत्या, कडक. त्यांनी फळ्यावर बाई आणि मूल काढलं आणि म्हणाल्या, बाळंतिणीला पाणी तोडायचं नाही, फळं-भाज्या तोडायच्या नाहीत, आणि पहिला चीक तर औषधच, तो टाकायचा नाही. कुणीतरी विचारलं, काकडी-वाळकानं बाळाला थंडी भरत नाही का? बाई म्हणाल्या, "काकडीनं कुणाचं पोर मरत नाही. कोरडं पडून मरतं. टाळू आत जाते ती त्यामुळंच." मी वहीत लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं. त्यानंतर सव्वीस वर्षं मी घरोघर जाऊन सासवांशी भांडले, पोरींच्या हातात तांब्या दिला, दुधीची भाजी खायला लावली. लोक म्हणायचे बाई फार तळमळीची आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. विटा तिथनं एसटीनं दोन-तीन तासांवर होतं, आणि जिला हे सांगायची सगळ्यांत जास्त गरज होती तिला मी सांगितलं नाही. दिवाळीला भेटायचो, लग्नात भेटायचो. ती मायेनं बोलायची. मी म्हणायचे, पुढल्या वेळी.

आई गेली, आबा त्याआधीच गेले होते, अक्काची सासूही गेली. आता कुणाचं भय उरलं नाही असं बघून मी निघाले, हेही लिहूनच टाकते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भादवाच होता. विट्याच्या स्टँडबाहेर एक बाई वाळकं घेऊन बसली होती, त्यातलं एक मी घेतलं. का घेतलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. अक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण पिशवी खाली ठेवताच म्हणाली, "वाळूक आणलंस?"

मग मी सगळं सांगितलं. नर्सबाई, फळा, चीक, टाळू. सांगितलं, की अक्का, त्या फोडीनं काही झालं नव्हतं. पोर कोरडं पडून गेलं. तुझा काही दोष नव्हता, लोकांनी उगीच आयुष्यभर तुला बोल लावला. आणि फोड मी दिली होती हे मी कबूल केलं, जसं काही ते तिला ठाऊकच नव्हतं. माझ्या मनात होतं, की ती रडेल, मग मी रडेन, आणि मग हलकं होईल. माणूस म्हातारा झाला तरी अशी स्वस्तातली आशा सुटत नाही.

अक्का शेंगा फोडायची थांबली. टरफलं तिच्या हातातच राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मला वलं पायजे हुतं."

"व्हय."

"मी वली झाली असती तर दूध उतरलं असतं."

"उतरलं असतं, अक्का."

"मला इतकी वर्सं वाटत हुतं, तू दिलीस त्येनं गेलं. म्हनून तुझं नाव न्हाई घेतलं. ल्हान हुतीस, म्हटलं, हिच्या डोक्यावर कशाला." ती माझ्याकडं वळली. रागानं नव्हे, भाजीत मीठ किती घातलं ते विचारावं तसं तिनं विचारलं, "मग एकच का दिलीस गं?"

आणखी एक-दोन फोडींनी ते पोर जगलं नसतं, हे मला माहीत आहे. प्रशिक्षणात मिळालेलं ते ज्ञान त्या वेळी माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण हात पुढं केलेली अक्का मला दिसत होती आणि "बास आता" म्हणणारा माझा आवाज ऐकू येत होता.

तिनं टरफलं सुपात टाकली, पदरानं हात पुसले आणि आतल्या सुनेला हाक मारली. "अगं, पावण्या आल्यात साताऱ्याकडनं. उन्हातनं आल्यात. पाणी आण त्यास्नी."

सून तांब्या-भांडं घेऊन आली. अक्का पुन्हा शेंगा फोडू लागली होती. मी तिच्यासमोर बसून तो तांब्या सगळा प्यायले, कारण मला खरोखरच तहान लागली होती.